फरशीवाल्याची गोधडी

मिस्त्रींना जगात दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक वाकडा सांधा आणि दुसरा फुकटचा सल्ला. वाकडा सांधा दिसला की त्यांना घास जात नसे. एकदा दात काढायला गेले असताना खुर्चीत आडवं पडल्या पडल्या समोरच्या भिंतीतली एक टाइल केसभर तिरकी आहे हे त्यांच्या नजरेत भरलं, आणि डॉक्टरांची दोन बोटं तोंडात असतानाही ते ती गोष्ट सांगायचा प्रयत्न करत राहिले. दात त्या दिवशी निघाला. टाइल पुढच्या आठवड्यात निघाली. ती मिस्त्रींनी स्वतः जाऊन काढली, नीट बसवली, आणि मगच त्यांची दाढ दुखायची थांबली.

सारी हयात फरश्या बसवण्यात गेलेली. लोक त्यांचं नाव विसरले होते आणि त्यांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. गल्लीसाठी ते मिस्त्री, बायकोसाठी एरवी ‘अहो’ आणि रागावली की तिच्याही तोंडून ‘मिस्त्री’. सध्या मात्र रागवायला बायको घरात नव्हती. लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून ती लेकीच्या घरी मुक्कामाला गेली होती. जाताना तिने मिस्त्रींना भात किती पाण्यात शिजवायचा ते दोनदा सांगितलं आणि काय काय करायचं नाही ते पाचसहादा.

गोधडीचं खूळ डोक्यात शिरलं ते लेकीच्या एका फोनमुळे. पलंग आला, गादी आली, इवलेसे मोजे आले, असं सगळं सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली, “सगळं विकतचं आहे हो बाबा. एक गोधडी तेवढी घरात शिवलेली हवी होती. पण आईला आता कुठे वेळ.”

“गादीचं माप काय?” मिस्त्रींनी विचारलं.

“तीन फूट बाय चार. का हो?”

“असंच,” मिस्त्री म्हणाले, आणि फोन ठेवल्या ठेवल्या बायकोच्या शिलाई मशीनवरचं कापड त्यांनी जरासं उचलून आत डोकावून बघितलं.

आता या उत्साहाच्या मुळाशी एक जुनं दुखणं होतं, ते सांगून टाकलेलं बरं. दुसऱ्यांच्या घरांत आरशासारख्या फरश्या बसवणाऱ्या मिस्त्रींच्या स्वतःच्या घरातली फरशी म्हणजे उरलेल्या मालाचं संमेलन होतं. कुणाच्या न्हाणीघरातून उरलेल्या दोन निळ्या, कुणाच्या ओट्याच्या चार हिरव्या, कुठल्या बँकेच्या तपकिरी, कुठल्या शाळेच्या पिवळ्या. काम संपलं की मालक म्हणायचे, घेऊन जा मिस्त्री, आम्हाला काय करायच्यात. मिस्त्री सायकलला पिशवी लावून घेऊन यायचे आणि सुट्टीच्या दिवशी बसवायचे. पुढची खोली अशी भरायला काही वर्षं लागली. सांधे मात्र एकजात सरळ, त्यात बोलायला जागा नव्हती.

लेक त्या फरशीवर रांगली, पडली, वाढली. मग ती बारा वर्षांची झाली आणि एके दिवशी तिच्या वर्गातल्या मैत्रिणी घरी यायच्या होत्या. मिस्त्री त्या दिवशी काम लवकर आटोपून आले होते. खिडकीतून त्यांना दिसलं की लेक आईची पांढरी चादर खोलीभर अंथरते आहे. एक कोपरा ओढला की दुसऱ्या बाजूची फरशी उघडी पडत होती आणि ती पुन्हा तिकडे धावत होती. मिस्त्री दारातूनच मागे फिरले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन त्यांनी इतके चहा घेतले की हॉटेलवाल्याने तब्येत विचारली. अंधार पडल्यावर घरी आले तर चादर घडी करून कपाटात गेलेली, फरशी जिथल्या तिथे, आणि लेक अभ्यास करत बसलेली. ही फरशी उखडून एकसारखी बसवायची, असं मिस्त्रींनी तेव्हा ठरवलं खरं, पण दुसऱ्यांची घरं काही संपेनात. मग लेकच मोठी होऊन, लग्न करून आपल्या घरी गेली.

तेव्हा नातवंडाच्या गोधडीबद्दल मिस्त्रींचं एक पक्कं होतं. उरलंसुरलं काही नाही. सगळं कोरं, सगळं एकाच ताग्यातलं.

कापडाच्या दुकानात त्यांनी दुधी रंगाचं मऊ सुती कापड निवडलं आणि दुकानदाराला विचारलं, “लॉट एकच आहे ना?”

“काका, हे कापड आहे,” दुकानदार म्हणाला.

“म्हणूनच विचारतोय. दिव्याखाली सगळंच सारखं दिसतं. उजेडात चला.”

दुकानदार ताग्यासकट रस्त्यावर आला. मिस्त्रींनी कापडाचं एक टोक दुसऱ्या टोकाला लावून, मान तिरकी करून, एक डोळा मिटून बघितलं. ताग्यात राहिलं होतं तेवढं सगळं त्यांनी घेतलं. ते हिशोबाला नेमकं पुरत होतं आणि नेमकेपणा हा त्यांचा धर्मच होता.

घरी येऊन त्यांनी पुठ्ठ्याचा चौकोन कापला, गुण्या लावून त्याचे चारी कोन तपासले आणि कापडावर खडूने आखणी केली. चौकोन सहा इंचांचा यायला हवा होता. पण मिस्त्री कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दोन फरश्यांच्या मध्ये सांधा येतो आणि तो जागा घेतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक चौकोन सांध्यापुरता, अगदी सुतभर लहानच कापला. सगळे तुकडे पुढच्या खोलीत मांडून बघितले. मधे मधे फरशीच्या कामातल्या, सांध्याची जागा धरणाऱ्या प्लास्टिकच्या फुल्यासुद्धा ठेवल्या. टेप लावला. तीन फूट बाय चार, ना कमी ना जास्त. मिस्त्रींनी कंबरेवर हात ठेवून त्या मांडणीकडे असं पाहिलं की जणू गोधडी झालीच, आता शिवणं तेवढं उरलं. चारी कोपऱ्यांवर खडूच्या खुणा करून त्यांनी तुकडे गोळा केले.

शिवणं मात्र तितकं सोपं निघालं नाही. मशीनने आधी दोरा गिळला, मग सुई मोडली, आणि मग असा काही आवाज काढला की समोरच्या घरातून मिस्त्रींची मोठी बहीण रस्ता ओलांडून आली. हिला सगळी गल्ली ताई म्हणायची. पडदे, उशांचे अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं आणि बोलण्यातही नाही.

“वहिनी घरात नाही आणि तिचं मशीन रडतंय,” ती दारातूनच म्हणाली. “म्हटलं बघावं, चोर शिवणकाम जाणणारा आहे की काय.”

“बाळासाठी गोधडी करतोय.”

ताईने टेबलावरचा गठ्ठा उचलला. एक तुकडा बघितला, दुसरा बघितला, तळातला उपसून बघितला. “सगळे एकाच रंगाचे?”

“एकाच लॉटचे,” मिस्त्री अभिमानाने म्हणाले.

“अरे, सगळं एकाच कापडाचं ठेवायचं होतं तर तुकडे कशाला केलेस? अख्खंच कापड ठेवायचंस ना!”

“मग सांधे कसे दिसणार?”

ताईने कपाळावर हात मारला. पण नातवंडाचं काम म्हटल्यावर ती विरघळली. तिने सुई बदलली, दोरा ओवला, बॉबिन भरून दिली आणि शिवण कशी घालायची ते दाखवलं. “सुलट बाजू आतून एकमेकींवर ठेवायच्या, कडेपासून बोटभर आत शिवायचं. कडेला अगदी लागून शिवलंस तर पहिल्या धुण्यात उसवेल. मापाचं सगळं बघितलंस ना?”

“मापाचं?” मिस्त्रींच्या मिशा थरथरल्या. “तू मला मापाचं विचारतेस?”

“राहिलं,” ताई म्हणाली आणि पडदे करायला निघून गेली.

मिस्त्री शिवत राहिले. सकाळी चहा झाला की मशीनवर बसायचे ते पाठ आखडेपर्यंत. बोटभर म्हणजे बोटभर, त्यात कसूर नाही. पहिल्या रांगेला घाम फुटला, दुसरीला हात बसला, आणि त्यानंतर त्यांना चक्क मजा येऊ लागली. राखाडी दोरा त्यांनी मुद्दाम निवडला होता, सांधा उठून दिसावा म्हणून. चार चौकोनांचे कोपरे जिथे भेटायचे तिथे असा काटेकोर क्रॉस पडायचा की ते मशीन थांबवून त्यावरून अंगठा फिरवायचे. फोनवर बायको विचारायची, “काय चाललंय?” मिस्त्री म्हणायचे, “काही नाही.” बायकोला संशय यायचा, कारण काही नाही चाललेला माणूस इतक्या आनंदात नसतो.

शेवटची रांग जोडून झाली तशी त्यांनी इस्त्री फिरवली आणि कापड पुढच्या खोलीतल्या खडूच्या खुणांवर अंथरलं.

एका कोपऱ्याला खूण लागली. बाकीच्या तीन खुणा लांब, एकट्या पडून होत्या.

मिस्त्रींनी कापड ताणलं. टेप लावला. टेप उलटा धरून लावला. बायकोचा टेप आटला असेल म्हणून स्वतःचा पोलादी टेप आणला. रुंदीला वीतभर कमी, लांबीला चांगलं फूटभर कमी. आधी त्यांनी इस्त्रीला दोष दिला, मग कापडाला, मग दुकानदाराला, आणि दुकानदारावर तर ते बराच वेळ टिकून होते. शेवटी त्यांनी कापड उलटं केलं. मागच्या बाजूला प्रत्येक शिवणीला दोन्ही अंगांनी बोटभर कापडाच्या पट्ट्या उभ्या होत्या. सगळं हरवलेलं माप तिथे मुकाट बसलं होतं.

ताई आली, तिने पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसून पोट धरधरून हसली.

“फरशीत सांधा मापात भर घालतो,” मिस्त्री हताशपणे म्हणाले.

“आणि कापडात खातो,” ताई डोळे पुसत म्हणाली. “अरे, पहिलीतल्या पोरीसुद्धा बाहुलीचा झगा शिवताना शिवणीचं कापड धरतात. तू वर आणखी कमी केलंस!”

मिस्त्री तडक कापडाच्या दुकानात गेले. तो तागा संपला होता. नवा आला होता, दुकानदार म्हणत होता अगदी तोच, काका, डोळे मिटून घ्या. मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत, तो उजेडात नेला. नवा दुधी किंचित पिवळा मारत होता. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पण दोन लॉट शेजारी शेजारी लावण्यापेक्षा मिस्त्रींनी मिशा उतरवल्या असत्या. ते हात हलवत परत आले.

ते चपला काढत असतानाच फोन वाजला.

“मुलगी झाली हो!” बायको एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरच्या घरात ताईला फोनशिवाय ऐकू गेलं. “ऑपरेशन करावं लागलं, पण दोघी मजेत आहेत. नाक तुमच्यावर गेलंय, पण मी म्हटलं मोठी होईपर्यंत बदलेल.”

मिस्त्री होते तिथेच खाली फरशीवर बसले. त्यांनी जोरात नाक ओढलं.

“रडताय का?”

“सर्दी झालीय.”

“बरं. दोनतीन दिवसांत घरी सोडतील, तेव्हा या. माझी जाड शाल आणा. आणि माझ्या मशीनची सुई मोडलीत ना, तीही नवीन आणा.”

“तुला कुणी सांगितलं?”

“ताईंनी. पहिल्या दिवशीच,” बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तोवर ताई आलीच होती. तिने मिस्त्रींच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली, मग स्वतःच डोळ्यांना पदर लावला, आणि ते झाल्यावर सरळ कपाट उघडून वरच्या फळीवरचं एक बोचकं खाली ओढलं. बायकोने वर्षानुवर्षं साठवलेलं उरलेलं कापड होतं ते. लेकीच्या गणवेशाचं निळं, तिच्या लहानपणच्या झग्याचं पिवळं, जुन्या पडद्यांचं हिरवं, मिस्त्रींच्या विजारींचं तपकिरी.

“मधे तुझं दुधी राहू दे. चारी बाजूंनी या तुकड्यांची चौकट लाव. माप भरेल.”

“नाही.”

“का नाही?”

“उरलंसुरलं माझ्या नातीला नको.”

ताई बोचकं घेऊन भावासमोर खाली बसली. मिस्त्री खाली फरशीकडे बघत होते. मग त्यांनी आजवर कुणाला न सांगितलेली ती चादरीची गोष्ट ताईला सांगितली. खिडकी, चादर, चहा, सगळं. सांगताना त्यांनी एका फरशीच्या सांध्यातली नसलेली धूळ नखाने काढली.

“जन्मभर तिला दुसऱ्यांचं उरलेलं दिलं,” ते म्हणाले. “एकदा तरी कोरं द्यावं म्हटलं, तर ते तोकडं पडलं.”

“तिने तुला सांगितलं का, की लाज वाटते म्हणून?”

“बघितलं ना मी.”

“म्हणजे विचारलं नाहीस.”

“त्यात विचारायचं काय?”

“बरं,” ताई म्हणाली. बोचकं तिथेच ठेवून ती उठली. “मग हा रुमाल घेऊन जा नातीला. नाक पुसेल. आजोबांवर गेलंय म्हणे, लागेल तेवढा.”

मिस्त्री एकटेच बसून राहिले. रुमाल हा शब्द त्यांना फार लागला. नात एकदाच जन्माला येते आणि रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा वाईट एकच गोष्ट असते, ती म्हणजे अर्धवट काम घेऊन जाणं. मिस्त्रींनी आयुष्यात अर्धवट काम कुणाच्या दारात ठेवलेलं नव्हतं. त्यांनी बोचक्याची गाठ सोडली.

आता अडचण ही की चौकटीत कुठला तुकडा कुठे लावायचा. “वाटेल तसे लाव,” ताई नंतर आपल्या घराच्या ओट्यावरून ओरडून म्हणाली. पण वाटेल तसं हीच एक गोष्ट मिस्त्रींना जमत नव्हती. निळ्याशेजारी हिरवा लावला की वाटे पिवळा हवा होता, पिवळा लावला की वाटे काही खरं नाही. तुकडे मांडून मांडून ते थकले. मग कंटाळून त्यांनी सरळ खाली बघितलं. दारापासून सुरुवात केली आणि भिंतीकडेच्या फरश्या बघत, तुकडे हातात घेऊन खोलीची एक फेरी मारली. खाली निळी असली की निळा तुकडा, तपकिरी असली की तपकिरी. खिडकीखाली ओळीने हिरव्या होत्या, तिथे पडद्याचं कापड. स्वयंपाकघराच्या दारातल्या पिवळ्या फरशीचा एक कोपरा जन्मापासून उडालेला होता आणि तिथे पांढरं सिमेंट भरलेलं होतं. मिस्त्रींनी तिथल्या तुकड्याचाही कोपरा कापून पांढरी चिंधी जोडली. नक्कल करायची तर नीट करावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. डोकं चालवावं लागलं नाही याचाच त्यांना आनंद झाला.

या वेळी त्यांनी शिवणीचं बोटभर कापड धरलं. दोनदा धरलं, मग ताईने त्यातलं एक कमी करायला लावलं. अस्तर ताईने दिलं, आत पातळ कापूस घातला आणि दोघं बहीणभाऊ दोन टोकांना बसून धावदोरे घालत मधे आली. ताईचे टाके भराभर पुढे जायचे, मिस्त्रींचे एका ओळीत उभे राहायचे.

लेकीच्या घरातली फरशी मिस्त्रींनीच बसवलेली होती. मोठ्या, चकचकीत, एकाच लॉटच्या टाइल्स. पाय ठेवायला भीती वाटावी अशा. जावयाने दार उघडलं, बायकोने आधी शाल घेतली, मग सुई घेतली आणि मग नवऱ्याकडे बघितलं. लेक पलंगावर उशांना टेकून बसली होती. तिच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं आणि त्यातून खरोखरच मिस्त्रींचं नाक बाहेर आलं होतं. मिस्त्रींनी ते बोटाने जपून चाचपलं, लेव्हल बघावी तसं.

“पिशवीत काय आहे, बाबा?”

मिस्त्रींनी भाषण तयार करून आणलं होतं. “मधलं बघ तू. मधलं सगळं कोरं आहे, एका ताग्यातलं. कडेचं म्हणजे… ते जरा कमी पडलं. नंतर ते काढून दुसरं लावता येईल. मी लावून देईन.”

लेकीने बाळ आईकडे दिलं आणि गोधडी अंथरुणावर उलगडली. दुधी चौकोन, राखाडी सांधे आणि भोवती रंगीबेरंगी चौकट. मिस्त्रींनी जावयाकडे बघितलं, जावयाने छताकडे. लेकीने चौकटीवर एका ठिकाणी बोट ठेवलं आणि ते हळूहळू एकेका तुकड्यावरून सरकवत नेलं. निळा, निळा, तपकिरी, पिवळा. एका पिवळ्याच्या कोपऱ्यावर, पांढऱ्या चिंधीवर, ते बोट थांबलं.

“हे स्वयंपाकघराचं दार,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी वाकून बघितलं.

“इथे माझा अंगठा नेहमी ठेचायचा. म्हणजे ही खिडकी.” बोट हिरव्या रांगेवरून धावलं. “हे पुढचं दार. बाबा, ही आपली खोली आहे!”

“तुला कसं कळलं?” मिस्त्रींनी विचारलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

“कसं म्हणजे? अंक मोजायला मी याच्यावर शिकले. रात्री दिवे गेले तर पायाने कळायचं मला, कुठली फरशी कुठे आहे ते.” आणि मग तिचं लक्ष मधल्या दुधी भागाकडे गेलं आणि ती एकदम हसत सुटली. दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं तरी हसू थांबेना. “आई गं, टाके दुखतायत… आणि बाबा, मधे ती चादर पण!”

मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी गोधडीकडे बघितलं. मधे पांढुरकं कापड, आणि ते न पुरल्यामुळे भोवती उघडी पडलेली फरशी. त्या दिवशी खिडकीतून दिसलं होतं हुबेहूब तसंच. त्यांनी आपल्याच हातांनी, सरळ सांध्यांत, ते शिवून आणलं होतं.

“तू चादर घातली होतीस,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “मी बघितलं होतं खिडकीतून.”

लेक हसायची थांबली. “तुम्ही बघितलंत?”

“तुला लाज वाटायची.”

“हो, वाटायची,” ती सरळ म्हणाली. “बारा वर्षांची होते, बाबा. मला तेव्हा सगळ्याचीच लाज वाटायची. आईच्या हसण्याची, माझ्या दातांची. तुमच्या मिशांची तर सगळ्यात जास्त.”

बायको हसली. जावई आणखी वर बघू लागला.

“पण ती चादर टिकली किती वेळ, ते नाही बघितलंत?” लेक म्हणाली. “चादर तोकडी. मैत्रिणी आल्या आणि सगळ्या कडेकडेलाच बसल्या. एक म्हणाली ही निळी माझी, दुसरी म्हणाली ही हिरवी माझी, आणि पिवळीसाठी दोघींची भांडणं. शेवटी त्यांनीच ओढून काढली चादर, मधल्या फरश्या वाटून घ्यायला. त्यानंतर प्रत्येक वेळी आल्या की आपापल्या फरशीवर बसायच्या. दुसरीच्या फरशीवर बसायचं नाही, असा नियम होता. तुम्हाला माहीतच नाही?”

मिस्त्रींना माहीत नव्हतं. एका दुपारची ती गोष्ट. लेकीची त्याच दुपारी संपली होती, आणि ते ती इतकी वर्षं पाठीवर घेऊन हिंडत होते. त्या वेळी चहा प्यायला न जाता ते आणखी थोडा वेळ खिडकीशी थांबले असते तर! त्यांनी खिशातून रुमाल काढला.

“सर्दी,” बायको जावयाला म्हणाली. “त्यांना होते अशी.”

“ती चौकट काढायची म्हणालात ना मघाशी?” लेक म्हणाली. “हात लावून तर बघा.”

जावयाने गोधडी छोट्या पलंगावर अंथरली. चारी बाजूंनी नेमकी बसली, तीन फूट बाय चार. मिस्त्रींनी सवयीने कोपरे दाबून बघितले. बायकोने बाळाला अलगद वर ठेवलं. नातीने एक जांभई दिली आणि एक पाय दुधी भागावरून चौकटीत टाकला.

“अगं, असं नको,” लेक म्हणाली. “डोकं दारात आलं तिचं. वारा लागेल. खिडकीकडे डोकं करा.”

जावयाने खोलीच्या दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. “खिडकी तर डोक्याकडेच आहे,” तो गोंधळून म्हणाला.

“ती नव्हे,” बाप आणि लेक एकदमच म्हणाले. मिस्त्री वाकले, त्यांनी नातीला दोन्ही हातांवर उचललं आणि फिरवून हिरव्या रांगेकडे डोकं करून निजवलं.